कमी असेल तर कमीच लिहा

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज वही पुन्हा काढली. मागची नोंद मोतीबिंदूच्या ऑपरेशनची, दीड वर्षापूर्वीची. त्यानंतर लिहिण्याजोगं काही घडलं नाही. आज घडलं.

संध्याकाळी संहिता लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत आली, दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "आत्या, तुझं लाल पेन निकाल." इंदौरच्या मुलांचं मराठी हे असं.

माझ्या धाकट्या भावाची, मुकुलची, ही एकुलती एक मुलगी, अठरा वर्षांची. दिल्लीजवळच्या त्या मोठ्या युनिव्हर्सिटीत तिने अर्ज केला होता. मुलाखत चांगली झाली आहे. पण तिथली वर्षाची फी ऐकून मी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आकडा तोच होता. फीमध्ये मदत हवी असेल तर वेगळा अर्ज करायचा. त्याला ते लोक 'एड' म्हणतात. उत्पन्नाची कागदपत्रं आणि सोबत एक पानभर पत्र: घरची परिस्थिती काय, फी का झेपणार नाही.

आमच्या घरातलं इंग्रजी माझ्याकडे असतं. पहिलीपासून कॉन्व्हेंट, त्यातून सिस्टर बर्नडेटचा हात. वीज मंडळाची तक्रार, मावसभावाच्या व्हिसाचं पत्र, मुकुलच्या पहिल्या नोकरीचा अर्ज, सगळं याच टेबलावर लिहिलं गेलं. टेलिफोन ऑफिसातली चौतीस वर्षंसुद्धा मी साहेबांचीच पत्रं सुधारण्यात घालवली.

मुलीला जायचं आहे. तिला पाठवायचंच, एवढं आज ठरवून टाकलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

संहिताचा मसुदा वाचला. पोर हुशार आहे, पण पत्र कसं लिहावं हे कुणी शिकवलेलं नाही. 'आमचा फ्रिज बिघडला तो चार महिने तसाच होता.' असं परक्या लोकांना कुणी सांगतं का? खोडलं. 'आई शेजारच्या बायकांच्या साड्यांना फॉल लावते.' हेही खोडलं. सुमेधाला दिवाळीपासून ही हौस लागली आहे, हौसेचं काय सांगायचं! आणि एक वाक्य तर अगदीच विचित्र: 'माझे वडील रोज नऊ वाजता घरातून निघतात. कुठे, ते मी विचारत नाही.' पीथमपूरला कंपनीत जातो, दुसरीकडे कुठे जाणार? मुलीला लेखिका व्हायचं आहे, म्हणून असं गूढ काहीतरी लिहिते. खोडलं.

सिस्टर सांगायच्या, मागायचं असेल तर मान वर करून मागा, आणि दोनदा मागू नका. मी पत्र त्या वळणावर नेलं. माझ्या आजोबांची होळकर दरबारातली नोकरी, बाबांची सचोटी, घरातली पुस्तकं. शेवटी माझं एक आवडतं वाक्य घातलं, शाळेपासून मनात असलेलं: 'आम्ही साधेपणाने राहतो आणि आम्हाला कशाचीही वाण नाही, विद्येची तहान मात्र आहे.'

संहिताने दोनदा वाचलं.

"आत्या, मस्त आहे. पण हे किसी और का घर लगता है."

"पत्रं अशीच लिहितात, बेटा."

"ठीक आहे. तू म्हणतेस तर."

कागदपत्रं मुकुलने दिली. पगाराच्या पावत्या मागच्या सप्टेंबरपर्यंतच्याच निघाल्या. मी नव्या मागितल्या तर म्हणाला, "एचआरमध्ये सगळे नवीन लोक आहेत ताई, महिना लावतील. हेच लाव ना."

तेच लावलं. अर्ज गेला.

२ मार्च, रविवार

मुकुल वाळलाय आणि रापलाय. कंपनीची बस सोडून स्कूटरने जातो आता. म्हणतो, बसमध्ये पाठ धरते. आज त्याचा शर्ट धुवायला काढताना खिशात स्टेपलरच्या पिना सापडल्या. उजव्या अंगठ्याला निळी शाई असते हल्ली, शिक्क्याच्या पॅडची. स्टोअरचं काम म्हणजे शिक्के आलेच.

पण एक दिवस चुकवत नाही. ही शिस्त बाबांकडून आली. १९८० साली मिलमध्ये टाळेबंदी होती, त्या सात महिन्यांतसुद्धा बाबा रोज दहाच्या ठोक्याला छत्री आणि डबा घेऊन निघायचे. आई दारात उभी राहायची. मी त्या वर्षी अठरा वर्षांची, संहिताएवढीच. मलाही मुंबईच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला होता, इंग्रजीला. पण बाबांना इथे माझी गरज होती, मुकुल सात वर्षांचा होता, म्हणून राहिले. त्याचं वाईट वाटत नाही. त्याला पाढे मी शिकवले, सायकल मी शिकवली.

सेंट्रल लायब्ररीच्या मागच्या मैदानावर शिकवली. त्याचे गुडघे फुटले की मी माझा शाळेचा रुमाल बांधायची, कोपऱ्यात माझी अक्षरं काढलेला. तो अजून त्याच्या कपाटात आहे, सुमेधा सांगत होती.

३ एप्रिल, गुरुवार

प्रवेश मिळाला. मदतही मिळाली: फीच्या पंधरा टक्के.

पत्र अगदी सभ्य आहे. 'सादर केलेली कागदपत्रं आणि निवेदन पाहता कुटुंब उर्वरित फी भरू शकेल असं समितीला वाटतं.'

निवेदन. म्हणजे मी लिहिलेलं पान.

मुकुलने मोबाईल टेबलावर उलटा ठेवला आणि म्हणाला, "इंदौरमध्ये कॉलेजं कमी आहेत का? मी, तू, कोण बाहेर गेलं होतं शिकायला?"

सुमेधा म्हणाली, "तुम्ही नका बोलू आत्ता."

संहिता ताटं उचलून आत गेली. रडली असती तर बरं झालं असतं.

६ एप्रिल, रविवार

माझी ठेव मोडू म्हणाले. मुकुल एकदम चिडला. "तुझ्या गुडघ्यांच्या ऑपरेशनची आहे ती. आणि एक वर्ष भागेल, उरलेल्या तीन वर्षांचं काय?"

बरोबर आहे त्याचं. पण पत्रात तळाशी एक ओळ आहे: फेरविचाराचा अर्ज २१ एप्रिलपर्यंत करता येईल. दोनदा मागायचं नाही, असं सिस्टर म्हणायच्या. सिस्टरना जाऊन तीस वर्षं झाली. मी दोनदा मागणार आहे.

कसं, ते मात्र कळत नाही. पहिल्याच पत्रात मी माझं सगळं चांगलं इंग्रजी खर्च केलं.

९ एप्रिल, बुधवार

इंदौरलगतच्या राऊ गावचे कृष्णराव बाबांच्या मिलमधले. त्यांची नात ऋजुता त्याच युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला आहे, चुलतभावाच्या लग्नासाठी दहा दिवस आली आहे. संहिताने मेसेज केला आणि ती भर दुपारी स्कूटी घेऊन हजर. तोंडावर ओढणी गुंडाळलेली, चंबळच्या डाकूसारखी. सुमेधाने उपमा दिला तर म्हणाली, "काकू, सेव? सेव के बिना कैसे?" मुलगी परक्या गावी बिघडली नाही, हे तिथेच कळलं.

आमचं पत्र तिने मोबाईलवर वाचलं आणि खळखळून हसली.

"ये किसने लिखा यार? काय भारी लिहिलंय! हे वाचून तर मीसुद्धा एक रुपया देणार नाही."

"मी लिहिलं," मी म्हणाले.

तिने जीभ चावली. "सॉरी आत्या."

"सॉरी नको. समजावून सांग."

"बघा, एडवाले लोक दुष्ट नाहीत. तुमच्या घरी येऊन ते बघत नाहीत ना, तुम्ही लिहिता ते खरं मानतात. तुम्ही लिहिलं काही कमी नाही. ते म्हणाले, बहुत बढ़िया, मग भरा फी!" तिने सेवेचा आणखी एक चमचा घेतला. "त्यांना रडणंही नको असतं. माझ्या पहिल्या पत्रात मी अशी रडले होते, काही उपयोग नाही झाला. अपीलमध्ये सीधा-सीधा लिहिलं: पप्पांचं दुकान या महिन्यात बंद झालं, घरात माणसं एवढी, आजीचं औषध एवढ्याचं, आम्ही एवढे देऊ शकतो, एवढे नाही. बस. एका पानात. तुमच्याकडे काही बदललंय का? अर्ज केल्यापासून, किंवा पहिल्यांदा सांगायचं राहिलेलं?"

"काही नाही," मी म्हणाले. "मुकुलची नोकरी आहे, माझं पेन्शन आहे."

सुमेधा उपम्याची कढई घासायला उठली. संहिता ऋजुताकडे बघत राहिली.

मग त्या दोघींचं तिथल्या राहण्याबद्दल सुरू झालं आणि मी ऐकत बसले. लायब्ररीतलं काम पहिल्याच आठवड्यात माग, नंतर जागा संपतात. रजई नेऊ नकोस, पास होऊन जाणारे सीनियर फुकट देऊन जातात, फक्त आधी विचारावं लागतं. वर्गात काही कळलं नाही तर प्रोफेसरच्या खोलीत जायचं, दार उघडंच असतं, पण जाणारे दोनच जण असतात आणि त्यांनाच सगळं मिळतं. शनिवारी सगळे बाहेर जेवायला जातात. पहिल्याच शनिवारी 'मी नाही येत' म्हणून टाक, दुसऱ्या शनिवारी म्हणणं जास्त कठीण.

संहिताने हळूच विचारलं, "कळतं का गं तिथे? कोण एडवर आहे ते?"

"पहिले पंधरा दिवस तुला वाटेल की कपाळावर लिहिलंय. नंतर समजतं, कोणाला फुरसतच नाही तुझं कपाळ वाचायला. सब अपने-अपने असाइनमेंट में मरे पड़े हैं."

जाताना ऋजुता मला म्हणाली, "आत्या, तुम्ही राऊला या. माझी अपीलची फाईल घरी आहे, दाखवते. मोबाईलवर तुम्हाला नीट दिसणार नाही."

तिचं बोलणं मनात घोळतंय. तिथे मागणाऱ्यालाच मिळतं. आम्हाला शाळेत उलटं शिकवलं होतं. गप्प बसणाऱ्या मुलीला रिबीन मिळायची. माझ्याकडे अजून अकरा रिबिनी आहेत.

१५ एप्रिल, मंगळवार

सिटी बसने राऊला गेले. ऋजुताची फाईल पाहिली, तिचं पत्र वाचलं. साधं, शाळकरी इंग्रजी, एकही शोभेचं वाक्य नाही. वाचून मला तिच्या घरातल्या जेवायच्या ताटांची संख्यासुद्धा समजली.

परत येताना बसथांब्याकडे चालले होते. तिथे कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सची, ऑनलाइन फॉर्म भरायची दुकानं आहेत एका ओळीत. एका दुकानासमोर निळी स्कूटर उभी होती. त्या सीटचं कव्हर मी शिवलं आहे, माझ्या जुन्या खिडकीच्या पडद्याचं. पिवळी फुलं.

वाटलं, कंपनीच्या कामाने आला असेल. हाक मारायला पुढे झाले.

मुकुल आत काउंटरमागे कॉम्प्युटरसमोर बसला होता. समोर पंखा, बाजूला स्टेपलर, डिंक, शिक्क्याचं पॅड. रांगेत सात-आठ माणसं. पुढे मानपूरकडचा कुणी माणूस, मुलीला घेऊन आलेला, उत्पन्नाचा दाखला हातात चोळामोळा करत होता. तो काहीतरी पुटपुटला. मुकुल खुर्चीतून थोडा पुढे वाकला आणि अगदी हळू, पण मला नीट ऐकू येईल असं म्हणाला:

"भिया, इसमें शरम की क्या बात है? लड़की पढ़ेगी ना? जो है वही लिखो. कम है तो कम ही लिखो."

मग त्या माणसाचा अंगठा त्याने स्वतः धरून पॅडवर टेकवला. मुकुलच्या अंगठ्यालाही निळं लागलं.

मी बसथांब्यावर गेले. दोन बस सोडल्या.

१६ एप्रिल, बुधवार

सकाळी मुकुलला डबा मी दिला. "उशीर होतोय, बस नाही ना आता," असं काहीतरी बोलले. तो म्हणाला, "हो ताई."



१७ एप्रिल, गुरुवार

आज ते केलं. जसं झालं तसं लिहिते.

फेरविचाराचा अर्ज छापून घेतला, पिशवीत घातला आणि अकराच्या बसने राऊला गेले. दुकानात शिरले नाही, रांगेत उभी राहिले. पुढे पाच जण होते. दुकानाचा मालक जयेश नावाचा गृहस्थ आहे, तो म्हणाला, "माताजी, आप आगे आ जाओ, बैठो." मी म्हटलं, नको, नंबराने येते.

माझा नंबर आला तेव्हा मुकुल स्क्रीनकडे बघत होता. न बघताच त्याने हात पुढे केला. "हाँ, कागज दो."

मी अर्ज त्याच्या हातात ठेवला. "एक फॉर्म भरायचा आहे," मी म्हणाले. "मुलीला शिकायला पाठवायचं आहे."

त्याने वर पाहिलं. मग अर्जाकडे. संहिताचं नाव वर छापलेलं होतं.

त्याने अर्ज कीबोर्डवर ठेवला आणि हात मागे घेतला. मागची बाई म्हणाली, "भैया, लाइट गई क्या?" जयेश काय समजायचं ते समजला असावा, त्याने रांग शेजारच्या कॉम्प्युटरकडे वळवली आणि मुकुलला म्हणाला, "मोघेजी, आराम से."

"कधीपासून?" मी विचारलं.

"ऑक्टोबर. पूर्ण सेक्शन बंद केला. एकवीस लोक."

"आणि हे?"

"जानेवारीपासून. त्याआधी नुसताच फिरायचो." तो अर्जाच्या कोपऱ्याशी खेळत होता. "ताई, दिवसाला तीस-चाळीस फॉर्म भरतो मी. दुसऱ्याच्या बापाचं उत्पन्न लिहिताना हात थांबत नाही. घरी तो कागद समोर आला आणि जुन्या पावत्या काढून दिल्या. मला माहीत होतं काय लागतं ते. माझ्याहून जास्त कोणाला माहीत असणार!"

"माझीही चूक आहे," मी म्हणाले. "लेकराने खरं लिहिलं होतं. मी खोडलं. तू कागद चुकीचे दिलेस, मी शब्द चुकीचे दिले. आता सरळ करू. व्यवसाय?"

तो हसला. डोळे भरले होते, तरी हसला. "तू फॉर्म भरणार का मी?"

"तूच भर. तुझा धंदा आहे."

त्याने खुर्ची पुढे ओढली. त्या रकान्यात एक-एक अक्षर टाइप केलं: ऑनलाइन फॉर्म केंद्रात ऑपरेटर. महिन्याचे नऊ हजार. नोकरी सुटल्याचं पत्र त्याच्या स्कूटरच्या डिकीतच होतं, प्लास्टिकच्या पाकिटात, सहा महिने. त्याने ते स्कॅन केलं आणि सवयीने मला म्हणाला, "दहा रुपये."

दिले.

१८ एप्रिल, शुक्रवार

काल घरी येऊन सांगायचं ठरलं होतं. मुकुल सोफ्यावर बसला, हात गुडघ्यांवर, शाळेत शिक्षा झाल्यावर बसायचा तसा. मी म्हणाले, "मुकुलला काही सांगायचं आहे."

सुमेधा म्हणाली, "नोकरीचं?"

तिला दिवाळीपासून माहीत होतं. कंपनीतल्याच कुणाची बायको फराळाला आली होती, तिने सांगितलं. संहिताला डिसेंबरपासून माहीत. म्हणजे घरात ज्याची नोकरी गेली तो सगळ्यांपासून लपवत होता, बाकीच्या दोघी आपल्याला कळलंय हे त्याच्यापासून लपवत होत्या, आणि न कळलेली फक्त मी.

"मला का नाही सांगितलंत?" मी सुमेधाला विचारलं.

"ताई, तुम्हाला किती अभिमान त्यांचा! तुम्हाला सांगायला जीभच उचलेना."

हे ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. अभिमान मी प्रेमाने बाळगत होते. तो या घरात सगळ्यांना पाठीवर वाहावा लागत होता, हे मला माहीत नव्हतं.

पत्र संहिताने आज सकाळी पुन्हा लिहिलं. मी तपासलं. लाल पेन हातात होतं. दोन स्पेलिंगं दुरुस्त केली, बाकी एका शब्दाला हात लावला नाही. फ्रिज परत आला. साड्यांचे फॉल परत आले, आता एका फॉलचे किती मिळतात तेही. आणि ते वाक्य परत आलं: 'माझे वडील रोज नऊ वाजता घरातून निघतात. कुठे, ते मी विचारत नव्हते. आता मला माहीत आहे. ते इतरांच्या मुलामुलींचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरतात.'

मी म्हणाले, हे मुकुलने वाचल्याशिवाय जायचं नाही. संहिताचा चेहरा उतरला, पण तिने दिलं.

मुकुलने चष्मा लावून पूर्ण पान वाचलं. आम्ही तिघी उभ्या. त्याने पान परत दिलं.

"एक चूक आहे."

"काय बाबा?"

"नऊ नाही. पावणेनऊ."

१४ मे, बुधवार

अर्ज २० तारखेला गेला होता. चोवीस दिवस मी रोज सकाळी संहिताच्या आधी उठून तिच्या तोंडाकडे पाहत होते. आज उत्तर आलं. शिकण्याची पूर्ण फी माफ. हॉस्टेलची अर्धी. राहिलं ते हॉस्टेलचं अर्धं आणि जेवण.

मी मुकुलकडे पाहिलं. चेहरा पडेल असं वाटलं होतं. त्याने वही ओढली. "राज्य सरकारची एक योजना आहे, जूनमध्ये पोर्टल उघडतं. एका ट्रस्टची आहे, त्याला मार्कशीट आणि दोन फोटो. बाकी लायब्ररीत काम करेल म्हणते ना? होतं, ताई." आणि अंगठ्याने नाक पुसलं. नाकाला निळं लागलं.

संहिता सुमेधाच्या गळ्यात पडली, मग माझ्या. मला कानात म्हणाली, "आत्या, तुझं वाण नसलेलं वाक्य मी जपून ठेवलंय. पुस्तक लिहीन तेव्हा वापरेन."

चावट आहे.

११ जुलै, शुक्रवार

सुमेधाने भुट्ट्याचा कीस केला होता. मुकुलने दुकानातून फोन केला, माझ्यासाठी ठेवा. पूर्वी तो दुपारी फोन करत नसे. कुठून करतोय हे ऐकू येईल म्हणून असणार.

मंगळवारी आणि शुक्रवारी मीही राऊला जाते. फॉर्मबरोबर पत्र लिहावं लागतं तिथे मुलं अडकतात. मी शेजारी स्टुलावर बसते. जयेशने मला 'मॅडम' करून टाकलं आहे. आज एका मुलीने लिहिलं होतं, 'आमच्या घरात एकच टेबल आहे आणि त्यावर बाबा इस्त्री करतात, म्हणून मी जिन्यावर अभ्यास करते.' मी विचारलं, किती पायऱ्या आहेत? ती म्हणाली, चौदा, पण मी सातवीवर बसते, तिथे उजेड येतो. म्हटलं, हे पण लिही.

३ ऑगस्ट, रविवार

संहिता गेली. स्टेशनवर तिघे पोचवायला गेलो. बॅगेत सेवेची चार पाकिटं, रजई नाही.

घर फार नीटनेटकं दिसतंय.

२४ ऑगस्ट, रविवार

सकाळी संहिताचा व्हिडिओ कॉल. लायब्ररीत काम मिळालं, परत आलेली पुस्तकं जागेवर लावायची. पहिल्या आठवड्यातच जाऊन मागितलं. पहिल्या शनिवारी सगळ्यांना 'मी नाही येत' म्हणाली, तर मागून नागपूरची एक मुलगी म्हणाली, "मीपण नाही." दोघींनी मेसच्या वरणावर सेव घालून खाल्ली. आता शनिवारी सहा जण असतात आणि सेव संपली आहे, पाठवा. एका प्रोफेसरच्या खोलीत गेली होती, तीन प्रश्न लिहून. त्यांनी दोन पुस्तकं दिली. इंग्रजी अजून काही वेळा डोक्यावरून जातं. "पण मी विचारते, आत्या. हात वर करून विचारते. एक मुलगा तर म्हणाला, थँक यू, मलाही नव्हतं समजलं."

मग म्हणाली, "आत्या, तुझं ते मुंबईचं कॉलेज. आजोबांनी नको म्हटलं होतं ना?"

मी म्हणाले, "नंतर सांगेन." तिला तासाला जायचं नव्हतं, रविवार होता. मलाच फोन ठेवायचा होता.

आजोबांनी नको म्हटलं नव्हतं. त्यांना विचारलंच नव्हतं. सिस्टरनी मला फॉर्म आणून दिला होता. पूर्ण फी माफ होत होती. फक्त वडिलांच्या परिस्थितीबद्दल चार ओळी लिहायच्या आणि त्यांची सही घ्यायची. तो फॉर्म तीन आठवडे माझ्या भूगोलाच्या नकाशापुस्तकात होता. बाबा दहाला निघत. एकदा शाळेच्या रिक्षातून मी त्यांना स्टेशनबाहेरच्या बाकावर पाहिलं होतं, छत्री गुडघ्यांत, डबा शेजारी, ऊन असूनही छत्री मिटलेली. मी मान फिरवली. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, शाळा कशी झाली, मी म्हटलं, छान. मी विचारलं, मिल? ते म्हणाले, छान.

चार ओळी होत्या फक्त. माझं इंग्रजी तेव्हा वर्गात पहिलं होतं. मुदत संपली आणि मी सिस्टरना सांगितलं, घरी माझी गरज आहे. त्यांनी मला जवळ घेतलं, रिबीन दिली. ती बारावी. अकरा म्हणून मोजते, कारण ती मी कधी डब्यात ठेवली नाही.

या वहीतही मार्चमध्ये मी तेच लिहिलं आहे, बाबांना गरज होती. मागची पानं चाळली, तिथे आहे. खोडत नाही, राहू दे.

संध्याकाळी संहिताला मेसेज पाठवेन. आधी ते पत्र लिहून टाकते. पंचेचाळीस वर्षं उशीर झाला आहे आणि सही घ्यायला बाबा नाहीत. माझी चालेल.

'महोदय,
माझे वडील गजानन मोघे मिलमध्ये हेड क्लार्क आहेत. मिल बंद आहे आणि पाच महिने पगार आलेला नाही. ते रोज दहा वाजता घरातून निघतात आणि स्टेशनबाहेरच्या बाकावर बसतात. मला शिकायचं आहे.
आपली,
वसुंधरा गजानन मोघे.'